टाकीचा रंग, रंगाऱ्याचा श्वास

जुनी मोटारसायकल नव्याने रंगवायची ठरली की रंग कोणता यावर फारसा वाद होत नाही. जावा असेल तर मरून, बुलेट असेल तर काळा. गाडीच आपला रंग सांगते. वाद होतो तो रंग मारायचा कोणी यावर. सुट्टीच्या दिवशी अंगणात वर्तमानपत्रे अंथरून आपणच काम उरकायचे, की गाडी पेंटरच्या गाळ्यात नेऊन सोडायची? खर्च किती, वेळ किती आणि हात किती बसलेला, या तीन वजनांवर हा प्रश्न तोलला जातो. स्वतः केले तर पैसे वाचतात, पेंटरला दिले तर काम चोख होते, असे उत्तर काढून लोक मोकळे होतात.

हा हिशेब खोटा नाही, पण त्यात एक रकाना राहून जातो. गाडी रंगवणे हे घरी करण्यासारखे काम आहे की बाहेर देण्यासारखे, याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. त्याला माणसांची हौस कारण झाली नाही आणि मजुरीचा दरही फारसा झाला नाही. डब्यातला रंग बदलला, तो वाळण्याची रीत बदलली आणि दर वेळी काम वेगळ्या हातात गेले. रंग वाळतो तेव्हा बहुधा त्यातले काहीतरी हवेत जाते, किंवा हवेतले काहीतरी रंगात येते. त्या हवेत कोणीतरी उभे असते. ते कोण, हा राहून गेलेला रकाना. मोटारसायकलीच्या रंगाचा इतिहास या बाजूने वाचला तर ‘स्वतः की पेंटर’ या साध्या प्रश्नाचे वजन वाढते.

लाख, जपान आणि भट्टी

मोटारसायकलीला रंगाचा वारसा दोन घराण्यांकडून मिळाला: एक घोडागाडीचे, दुसरे सायकलचे.

घोडागाडीचा रंग जवसाच्या तेलात कालवलेला असे. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्याला घाई नसते. आधी अस्तराचे थर, ते घासून सपाट करणे, मग रंगाचे थर, शेवटी व्हार्निश. दोन थरांमध्ये दिवस जात आणि एका गाडीला काही आठवडे लागत. ओल्या व्हार्निशवर धूळ बसू नये म्हणून खोलीची दारे लावून घेत, जमिनीवर पाणी शिंपडत. इतके दिवस खोली अडवून वाट पाहणे गाडीच्या मालकाला जमण्यासारखे नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत गाड्या रंगवणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला तो हाताच्या कौशल्याइतकाच या वाट पाहण्याच्या जोरावर.

त्या व्यवसायाचे दुखणेही स्वतंत्र होते. रंगातला सफेदा म्हणजे शिशाचे संयुग. पोटात कळा येणे, मनगट लुळे पडणे या तक्रारी रंगाऱ्यांच्या तक्रारी म्हणूनच ओळखल्या जात. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात रंगात हात घालणाऱ्यांचाही विचार केला आहे. रोग्याची नाडी पाहताना त्याला ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे, हा त्यांचा सल्ला वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे दोन शतकांहून अधिक काळ गेल्यावर, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगकामातील सफेद्याच्या वापरावर बंधने घालणारा करार संमत केला. रंगाच्या धंद्यातले विष कळायला वेळ लागत नाही, आवरायला लागतो, हे या मधल्या अंतरावरून दिसते.

दुसरे घराणे सायकलचे. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत जपानी लाखकामाच्या तुकतुकीत वस्तूंचे वेड पसरले. जपानी कारागीर वापरत तो एका झाडाचा चीक. तो युरोपात मिळत नसे. मग तिथल्या कारागिरांनी डांबरासारखी राळ, तेल आणि व्हार्निश यांचे मिश्रण पत्र्यावर लावून ते भट्टीत भाजायला सुरुवात केली, आणि या कामाला देशाचेच नाव पडले: ‘जपान’. यात एक धागा आपल्याकडचाही आहे. अशा तुकतुकीत लेपाला इंग्रजीत जो ‘लॅकर’ शब्द आहे, तो पोर्तुगीज आणि फारसीच्या वाटेने आपल्या ‘लाख’ या शब्दापर्यंत, पुढे संस्कृत ‘लाक्षा’पर्यंत मागे जातो. सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि गंजिफांवर चढते ती लाख किड्याची, जपानातली झाडाची, इंग्लंडातली डांबराची. पदार्थ तीन, पण चकाकीची भूक एकच.

इंग्लंडमध्ये या जपानकामाचे एक मोठे केंद्र म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन. तिथले जॉन मार्स्टन मुळात याच धंद्यात उमेदवारी करून शिकलेले आणि पत्र्याची जपानी चकाकीची भांडी बनवणारे. त्यांनी १८८७ मध्ये ‘सनबीम’ सायकली काढल्या आणि १९१२ पासून त्याच नावाच्या मोटारसायकली. सनबीमचा गर्द काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेषा यांची ख्याती आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांत टिकून आहे. ट्रे आणि डबे रंगवणाऱ्या भट्टीतून मोटारसायकलीची टाकी बाहेर आली, असे या उदाहरणात अक्षरशः म्हणता येते.

सायकलची चौकट रंगात बुडवायची आणि भट्टीत भाजायची, ही रीत मोटारसायकलीने जशीच्या तशी घेतली. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात मिळे, तिच्याही मुळाशी भट्टीत भाजायचा हाच डांबरी काळा लेप होता. तो स्वस्त, टणक आणि दमट हवेला दाद न देणारा. आता रंग ही कारखान्याची गोष्ट झाली होती. घरी ब्रशने मारायचे इनॅमलचे डबे दुकानात मिळत आणि हौशी सायकलस्वार ते मारतही. पण भट्टीतून निघालेल्या लेपाच्या शेजारी घरचा हात लगेच ओळखू येई. मालकाच्या वाट्याला ओरखडे बुजवण्यापुरते काम उरले.

दुपारच्या जेवणाएवढ्या वेळात

काळ्या रंगाची ही सत्ता मोडली ती कापसापासून केलेल्या एका पदार्थाने. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. याच कुळातून बंदुकीची बिनधुराची दारू आली, सिनेमाची जुनी ज्वालाग्राही फीतही आली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी अफाट क्षमता उभारलेल्या ड्यू पाँ कंपनीने शांततेच्या काळात या पदार्थाचा दाट, पण फवारता येईल असा रंग बनवला. त्याचे नाव ड्युको. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो १९२३ मध्ये निळ्या छटेत अवतरला.

जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांची एक गोष्ट या संदर्भात सांगितली जाते. गाडी रंगवायला इतके दिवस का लागावेत, यावर रंगाच्या जाणकारांशी त्यांचा वाद होता. त्यांनी एका जाणकाराला जेवायला बोलावले. जेवण आटोपून पाहुणा बाहेर आला तर त्याला आपली गाडी सापडेना. जेवण चालू असताना ती नव्या रंगात रंगवून वाळवूनही झाली होती. गोष्ट सांगताना थोडी रंगवलेली असेल, पण तिचा मथितार्थ खरा आहे. आठवड्यांचे काम तासांवर आले होते.

याचे कारण वाळण्याच्या रीतीत होते. जवसाचे तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होते. ड्युको नुसता सुकतो. त्यातला द्रावक, म्हणजे आपल्या भाषेतले थिनर, उडून जाते आणि मागे रंगाची कातडी राहते. थांबणे संपले, तसे धुळीचे भयही कमी झाले. रंगांची निवड एकदम मोकळी झाली. मोटारसायकलींच्या जगात याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीचे. लालभडक रंगाने ओळखली जाणारी ही कंपनी १९३० मध्ये ई. पॉल ड्यू पाँ यांच्या हाती गेली, म्हणजे रंगाच्या साम्राज्याशी नाते असलेल्या घराण्याकडे. मंदीच्या ऐन काळात, १९३४ मध्ये, इंडियनच्या गिऱ्हाइकाला २४ रंग निवडायला मिळू लागले.

इथे आपल्या प्रश्नाला पहिले मोठे वळण मिळते. ज्याला भट्टी लागत नाही आणि खोली अडवून ठेवावी लागत नाही, तो रंग छोट्या गाळ्यातही मारता येतो. पण हा रंग इतका झरझर सुकतो की ब्रशचा दुसरा फटका पडेपर्यंत पहिला आळलेला असतो. त्याला ब्रश चालेना. त्याला लागणारे अवजार दुसऱ्याच एका धंद्यातून आधीच तयार होऊन बसले होते.

घशाच्या डॉक्टरचे यंत्र

अमेरिकेतल्या टोलिडो गावी ॲलन डीव्हिल्बिस नावाचे नाक-घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात आतपर्यंत औषध कसे पोहोचवावे, या अडचणीवर त्यांनी १८८० च्या दशकाअखेरीस एक तुषारयंत्र बनवले. रबरी फुगा दाबला की बाटलीतले औषध धुक्यासारखे बाहेर येई. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. शिकागोमध्ये जोसेफ बिंक्स यांनी भिंतींना चुना मारण्यासाठी हाताने पंप मारायचे फवारणीचे यंत्र बनवले होते, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या पांढऱ्याशुभ्र इमारतींसाठी फवाऱ्याने रंगकाम झाले.

म्हणजे आज मोटारसायकलीच्या गाळ्यात दिसणाऱ्या स्प्रे गनचा पूर्वज औषध श्वासमार्गात नेण्यासाठी जन्मला. द्रवाचे इतके बारीक थेंब करायचे की ते हवेबरोबर आत जातील, हाच त्याचा हेतू. रंगाच्या बाबतीतही यंत्राने आपला मूळ गुण सोडला नाही. गनमधून निघालेला सगळा रंग टाकीवर बसत नाही. काही भाग धुके होऊन गाळ्यात फिरतो, आणि टाकीपाठोपाठ पेंटरच्या नाकाशी पोहोचतो.

गन आणि कॉम्प्रेसर आले, तशी मालक आणि पेंटर यांच्यामध्ये भांडवलाची एक रेषाही आली. ब्रश कोणीही विकत घेईल. एका टाकीसाठी कॉम्प्रेसर कोणी घेत नाही. हात बसायला टाक्या लागतात, टाक्या मिळायला गिऱ्हाइके लागतात. गन किती अंतरावर धरायची, हात मनगटातून न वळवता सरळ कसा न्यायचा, थर दाट झाला तर ओघळ आणि कोरडा पडला तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. हौशी माणसाची पहिली टाकी ही पेंटरची हजारावी टाकी असते, त्याला कोण काय करणार!

ड्युको नावाचे मराठी नाम

आपल्याकडे मोटारसायकलींचे उत्पादन १९५५ पासून मद्रासला एनफिल्डने आणि १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाने सुरू केले. पाठोपाठ राजदूत आली. परवाना राजच्या त्या काळात गाड्या कमी, मागणी अधिक. दुचाकीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी घरे पुण्या-मुंबईच्या वाचकांना आठवत असतील. अशी मिळालेली गाडी टाकून देण्याची वस्तू नव्हती. ती मुलाला मिळे, पुतण्याला मिळे, गावी जाई. प्रत्येक मुक्कामी ती पुन्हा रंगवली जाई. डेंटिंग-पेंटिंगचे गाळे प्रत्येक तालुक्याच्या गावी उभे राहिले ते या पुनर्जन्मांच्या आधारावर.

त्या गाळ्यांनी स्वतःची भाषा घडवली. खड्डे बुजवायची पुट्टी म्हणजे ‘लांबी’, पाण्याने घासायचा कागद म्हणजे ‘पॉलिश पेपर’, थराला ‘हात’, पहिल्या थराला ‘अस्तर’, भाजून पक्क्या केलेल्या रंगाला ‘भट्टी पेंट’. आणि ड्युको हे कंपनीचे नाव सामान्यनाम होऊन बसले; इतके, की आज मोटारींपेक्षा लाकडी कपाटांच्या संदर्भात ते अधिक ऐकू येते. ज्या रंगाने रंगकाम गाळ्यात आणले, त्याचे नाव भाषेत राहिले, हा योगायोग नव्हे.

घरी रंगवण्याची परंपराही होतीच. १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये ‘गट्टू’ काढला: केस डोळ्यांवर आलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ मुलगा. रंग मारणे हा खेळ आहे, तुम्हीही खेळा, असे सांगणारे ते चित्र. आणि खिडकीच्या गजांना मारायचे सिंथेटिक इनॅमल दिवाळीच्या आधी सायकलीला, क्वचित मोटारसायकलीच्या चौकटीलाही लागत असे. ते जवसाच्या तेलाचेच सुधारलेले भावंड. सावकाश वाळते, म्हणून ब्रशला वेळ देते.

कायद्याने मात्र रंगाला मालकाच्या मर्जीवर पूर्णपणे सोडलेले नाही. नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना असतो, आणि प्रमाणपत्रातील तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ला मान्य नाही. म्हणून काळी गाडी लाल केली तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. बुलेटप्रेमींना मोहात पाडणारा लष्करी ऑलिव्ह हिरवा तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. रंग कोणीही मारो, हे उत्तरदायित्व मालकाचेच.

हाताच्या कामाचा एक अवशेष कारखान्यातही बराच काळ टिकला. रॉयल एनफिल्डच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर हाताने ओढत आले. लांब केसांचा ब्रश, एक श्वास रोखून धरलेला आणि एक न थांबलेली रेघ. दुसरीकडे, गाळ्यातल्या पेंटरचे एक हुकमी काम १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांपुरते संपले. त्या तारखेपासून अतिसुरक्षित नंबरप्लेट सक्तीची झाली आणि हाताने काढलेल्या आकड्यांची गरज उरली नाही. फ्लेक्सने दुकानांच्या पाट्या नेल्या, सरकारी प्लेटने नंबर नेले. पेंटरच्या हाती उरली ती टाकी.

डबा आणि हार्डनर

दरम्यान ब्रश पुन्हा मालकाच्या हाती देणारा एक शोध अमेरिकेत लागला होता. इलिनॉयमधील सिकॅमोर गावचे रंगविक्रेते एडवर्ड सीमोर यांना आपल्या ॲल्युमिनियम रंगाचे प्रात्यक्षिक सहज दाखवता यावे असे साधन हवे होते. पत्नी बॉनी यांनी सुचवले की जंतुनाशकाच्या किंवा सुगंधाच्या फवाऱ्यासारखा डबाच का करू नये? १९४९ मध्ये रंगाचा स्प्रे कॅन तयार झाला. गन, कॉम्प्रेसर आणि रंग असे तिन्ही एका मुठीत मावू लागले. भांडवलाची रेषा पुसली गेली.

पण मोटारसायकलीची एक अडचण मोटारीला नसते. तिची पेट्रोलची टाकी हाच तिचा चेहरा. रंगाचा सगळा थाट जिथे असतो, त्याच्या मधोमध पेट्रोल ओतायचे तोंड असते. पंपावर चार थेंब सांडणारच. साध्या स्प्रे कॅनमधला रंग ड्युकोसारखाच नुसता द्रावक उडून सुकतो, म्हणून पुन्हा द्रावक भेटला की तो मऊ पडतो. आठवडाभर खपून केलेली टाकी पहिल्या काही फेऱ्यांत झाकणाभोवती चिकट होते, डागाळते. हौशी कामाची निराशा बहुतेक वेळा हाताच्या दोषातून येत नाही, ती या रसायनातून येते.

यावर उत्तर जर्मनीतून आले. ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. युद्धानंतर त्यातून दोन डब्यांचा रंग निघाला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रेणू एकमेकांना साखळीने बांधतात आणि परत सुटत नाहीत. हा लेप सुकत नाही, पिकतो. पेट्रोल त्याला विरघळवू शकत नाही, ऊन त्याला सहजी फिके करत नाही. आजच्या गाळ्यात टाकीवर शेवटी चढतो तो काचेसारखा पारदर्शक थर बहुधा याच जातीचा असतो. पेंटरला दिलेली टाकी टिकते आणि घरी केलेली टिकत नाही, याचे निम्मे रहस्य हार्डनरच्या छोट्या डब्यात आहे.

राहून गेलेला रकाना

त्या छोट्या डब्यात आयसोसायनेट असते. हा शब्द भारतीय वाचकाला नवा नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये गळला तो मिथाईल आयसोसायनेट. रंगातले आयसोसायनेट ते नव्हे. ते जड रेणूंचे असते, स्वतःहून सहजासहजी हवेत उडत नाही, आणि त्या रात्रीशी पेंटरच्या गाळ्याची तुलना करणे अतिशयोक्त ठरेल. पण रेणूचे जे टोक क्रिया करते ते दोन्हीकडे सारखे आहे, आणि ते रंगातल्या साखळ्या जोडते तसे शरीरातल्या प्रथिनांनाही जाऊन चिकटू शकते.

सहसा न उडणारा हा पदार्थ हवेत जातो तो गनमुळे. घशाच्या डॉक्टरचे यंत्र इथे आपले जुने काम चोख करते. फवाऱ्याचे धुके फुप्फुसात जाते. ते इतके बारीक असते की दिसेनासे झाल्यावरही काही काळ हवेत राहते. काहींच्या शरीराला या पदार्थाची ॲलर्जी जडते. ती पहिल्या दिवशी जडत नाही. महिने जातात, कधी वर्षे. एकदा जडली की अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो, आणि मग तो धंदाच सोडण्यावाचून इलाज राहत नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने वाहने रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका एकूण कामकरी लोकांच्या तुलनेत सुमारे ८० पट असल्याचे सांगितले आहे. अशा फवारणीसाठी ती बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा लावायला सांगते. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट असलेली उत्पादने व्यवसायात हाताळण्यासाठी प्रशिक्षण बंधनकारक आहे. आणि रंगाऱ्याचा व्यवसाय मुळातच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये काढला आणि पुढेही कायम ठेवला.

आपल्याकडच्या गाळ्यात यापैकी काय दिसते? बहुधा तोंडाला बांधलेला रुमाल. रुमाल धूळ अडवतो, धुके अडवत नाही. शटर अर्धे ओढलेले असते, कारण वाऱ्याने रस्त्यावरची धूळ आली तर थर खराब होतो. घोडागाडीच्या काळापासूनचे हे बंद दार. जे दार रंगाला जपते तेच माणसाला कोंडते. कारखाने अधिनियम १९४८ च्या मूळ व्याख्येत विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असावे लागत. दोघा-तिघांचा गाळा त्या व्याख्येत बसत नसे. शिशाच्या बाबतीतही असेच. घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे दशलक्षात ९० भागांची मर्यादा आहे. ती वाहनांच्या रंगांना लागू नाही. जुन्या गाडीचा पिवळा, नारिंगी, लाल थर कोरडा घासला तर काय उडते, याचा विचार करावा.

म्हणजे टाकी पेंटरला देताना आपण कौशल्य विकत घेतो, आणि त्याबरोबर आपल्या वाट्याचे धुकेही त्याच्याकडे सोपवतो. बिलात ते कुठे लिहिलेले नसते. उलट पैसे वाचवण्यासाठी हार्डनरचा रंग आणि भाड्याची गन घेऊन घरच्या गच्चीवर उभे राहणारा हौशी माणूस तेच धुके आपल्या घरात आणतो. पेंटरकडे निदान हाताचा वेग असतो. याच्याकडे तोही नसतो.

माझे मत या इतिहासातून असे बनले आहे की ‘स्वतः की पेंटर’ हा प्रश्न सगळ्या गाडीला एकदम विचारू नये. तो थराथराला विचारावा. गाडी सोडवणे, भाग धुणे, जुना रंग पाण्याने ओला ठेवून घासणे, लांबी भरून पुन्हा घासणे ही कामे घरी चांगली होतात. रंगकामाचा बराचसा वेळ यातच जातो, आणि इथे पैशापेक्षा चिकाटी लागते. फक्त टाकी आधी पूर्ण रिकामी आणि वाफमुक्त हवी. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीहून घातक असते. चौकटीला आज पावडर कोटिंगचा पर्याय आहे. सनबीमच्या भट्टीचीच ही नवी पिढी, आणि तिच्यात थिनर नाही. शोकेसमध्ये ठेवायच्या किंवा क्वचित चालवायच्या गाडीला स्प्रे कॅन मोकळ्या हवेत खुशाल वापरावा. हार्डनरचा शेवटचा थर मात्र घरी करू नये. तो ज्याच्याकडे बंदिस्त, हवा खेचून बाहेर टाकणारी जागा आणि योग्य मुखवटा आहे त्याच्याकडेच द्यावा.

आणि असा गाळा शोधताना आपण सहसा जे विचारतो, म्हणजे चकाकी किती येईल, किती वर्षे टिकेल, किती पैसे कमी कराल, त्यात एक प्रश्न घालावा: फवारताना तुम्ही तोंडाला काय लावता? रामाझ्झिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी वैद्याला विचारायला सांगितलेला प्रश्न आता गिऱ्हाइकाने विचारायचा आहे. मुखवट्याचा, पंख्याचा, गाळणीचा खर्च दरात धरला तर टाकी काही शे रुपयांनी महाग पडेल. ते पैसे मरून रंगाच्या किमतीतच मोजावेत. रंग टाकीवर वीस वर्षे टिकावा असे वाटत असेल, तर तो मारणारा माणूसही तितकी वर्षे धंद्यात टिकला पाहिजे.